आहे तसे ठेवा

आबांनी एका रविवारी मुद्दाम मोजलं. सकाळी दात घासल्यापासून दुपारचं ताट उचलेपर्यंत त्यांच्या दहा वर्षांच्या नातीने "वरचे आजोबा म्हणतात" हे तीन शब्द सतरा वेळा उच्चारले. वरचे आजोबा म्हणतात, सायकलची साखळी सैल झाली की उतरते. वरचे आजोबा म्हणतात, पंखा वारा तयार करत नाही, नुसता ढकलतो. वरचे आजोबा म्हणतात, गरम भात ताटात पसरला की लवकर निवतो. आता हे शेवटचं तर आबाच गेली सहा वर्षं सांगत आले होते. पण "आबा म्हणतात" असं म्हणून ते जगात कुणी कुणाला सांगितल्याचं त्यांच्या कानावर आलं नव्हतं.

वरचे आजोबा म्हणजे बरोबर डोक्यावरच्या घरात राहणारे निवृत्त इंजिनिअर. उंच, घट्ट बांध्याचे, आवाज खणखणीत. माणूस वाईट होता असं आबांनाही म्हणता येईना, आणि खरं दुखणं तेच होतं. वाईट माणसाचा राग करणं सोपं असतं. हा माणूस जिन्यात भेटला की हातातली पिशवी घ्यायचा.

आबांची मूळ तक्रार व्याकरणाची होती. एका आजोबांना "वरचे" हे विशेषण लावलं की दुसरे आजोबा, कुणी काही न बोलता, आपोआप "खालचे" होतात. आबांनी अडतीस वर्षं एका छापखान्यात मुद्रितशोधक म्हणून काढली होती. छापायला जाणाऱ्या मजकुरातल्या चुका शोधायच्या आणि समासात लाल शाईने खुणा करायच्या, एवढंच काम. निवृत्त होऊन नऊ वर्षं झाली तरी शर्टाच्या खिशातलं लाल पेन सुटलं नव्हतं. विशेषणाचं वजन किती असतं ते त्यांना कुणी शिकवायला नको होतं.

"तुम्ही जळता त्यांच्यावर," आजी एकदा कपड्यांच्या घड्या घालता घालता म्हणाल्या.

"मी? मी कशाला जळू?"

"मग ते जिन्यातून उतरतात तेव्हा दाराआड उभं राहून पावलं का ऐकता?"

"पायरीला तडा गेलाय. आवाजावरून कळतं."

आजींनी टॉवेल झटकला. त्या झटकण्यात पुष्कळ काही होतं.

त्याच आठवड्यात नात शाळेतून एक खोकं घेऊन आली. शाळेत शनिवारी विज्ञान प्रदर्शन होतं आणि निवडक मुलांना एकेक शैक्षणिक रोबोचा संच मिळाला होता. सगळे भाग सुटे. जोडायचे आपण. जोडलेला रोबो पांढऱ्या कागदावर काढलेल्या काळ्या रेषेवरून चालला पाहिजे. सोबत एक फॉर्म होता.

"आबा," नात जरा चाचरत म्हणाली, "यात मार्गदर्शकाचं नाव लिहायचंय. वरच्या आजोबांचं लिहू?"

आबांच्या हातातलं वर्तमानपत्र दोन इंच खाली आलं.

"का? घरात माणसं नाहीत?"

"तसं नाही, पण फॉर्ममध्ये ना—"

"फॉर्मचं मी बघतो. आण इकडे. आणि रोबोसुद्धा आपण जोडू. त्यात काय आहे! पुस्तिका दिली आहे ना? पुस्तकात असलेली कुठलीही गोष्ट माणसाला करता येते."

हे वाक्य तोंडातून गेल्यावर आबांना घाम फुटला. त्यांनी आयुष्यात स्वयंपाकघरातला दिवासुद्धा बदलला नव्हता. पण नात "खरंच?" म्हणून इतकी हसली, की माघार घ्यायची सोय उरली नाही. त्या क्षणापासून आबांना एकच ध्यास लागला. त्या फॉर्मवरच्या, मार्गदर्शकाच्या रिकाम्या रकान्यात आपलं नाव पाहिजे. जन्मभर दुसऱ्यांच्या पुस्तकांतल्या चुका काढल्या, पण आपलं नाव कुठे छापून आलं नाही. मुद्रितशोधकाचं नाव तेव्हाच निघतं, जेव्हा लोक चूक दाखवून विचारतात, "हे कुणी तपासलं होतं हो?"

फॉर्म हातात आला मात्र, आबांचा हात खिशाकडे गेला. एका पानात अकरा चुका! "मार्गदर्षक", "शैक्षणीक", "कुटूंबातील". एका शाळेच्या फॉर्मवर! आबांनी अकराही चुका लाल शाईने सुधारल्या, समासात रीतसर खुणा केल्या, आणि दुसऱ्या दिवशी स्वतः शाळेत जाऊन, बाकीचं कधी भरायचं हे विचारण्याच्या निमित्ताने, तो खिडकीतल्या कारकून बाईंसमोर ठेवला. बाई आभार मानतील अशी त्यांची भाबडी समजूत होती.

"हे काय?" बाई म्हणाल्या.

"अकरा होत्या. सगळ्या काढल्या."

"फॉर्मवर खाडाखोड चालत नाही. नवीन घ्या."

"पण बाई, ही खाडाखोड नाही, शुद्धीकरण—"

"शुद्धीकरणही चालत नाही. खाली लिहिलंय. पुढचे!"

पुढचे कुणीच नव्हते. तरी बाई "पुढचे" म्हणाल्या, आणि आबा बाजूला झाले. या गोष्टीचं त्यांना घरी येईपर्यंत वाईट वाटत राहिलं. रात्रीतून त्यांनी डोकं चालवलं आणि दुसऱ्या दिवशी अख्खा फॉर्म स्वतःच्या हाताने, पट्टीने रेघा आखून, मोत्यासारख्या आणि शुद्ध अक्षरात उतरवून नेला. बाईंनी तो बराच वेळ पाहिला.

"अक्षर छान आहे," त्या म्हणाल्या. "छापीलच लागतो."

असा तिसरा फॉर्म घरी आला. शुक्रवारी दुपारी बारापर्यंत तो भरून द्यायचा होता. या वेळी नातीने तो आबांच्या हाती न देता दप्तरात ठेवला.

इकडे जेवणाच्या टेबलावर रोबोचे भाग पसरले होते. पुस्तिका आपल्या भाषेत होती. म्हणजे अक्षरं आपली होती, भाषा कुणाची होती ते कळत नव्हतं. "चाक यांना आनंदाने घट्ट करा" असं एके ठिकाणी होतं. आबांनी "आनंदाने" खोडून "हलक्या हाताने" केलं. बत्तीस पानांत त्यांनी त्रेसष्ट चुका काढल्या. इतकं समाधान त्यांना निवृत्तीनंतर प्रथमच मिळालं.

आणि गंमत म्हणजे, आबांना ते सगळं हळूहळू समजायला लागलं. नात एकेक भाग उचलून सांगायची आणि आबा त्याला आपल्या छापखान्यात नेऊन बसवायचे.

"ही हिरवी पाटी म्हणजे नियंत्रक," नात म्हणाली. "रोबोचा मेंदू. आपण लिहिलेल्या सूचना यात साठवायच्या. मग तो त्या सूचनांप्रमाणे ठरवतो."

"म्हणजे आमचे मालक."

"आणि या मोटारी. पण मेंदूतून येणारी वीज इतकी कमी असते की मोटार फिरणारच नाही. म्हणून मधे ही दुसरी पाटी. ही मेंदूचा हुकूम ऐकते आणि बॅटरीतली जास्तीची वीज मोटारीला देते."

"कळलं! आमचे मालक फार हळू बोलायचे. ते फोरमनच्या कानात काहीतरी पुटपुटायचे आणि फोरमन असा ओरडायचा की यंत्रं सुरू व्हायची. ही पाटी म्हणजे फोरमन."

नात खुदकन हसली. तिने मोटारीला जोडलेली पिवळी डबी दाखवली. आत दातेरी चाकं होती. मोटार गरगर फिरते, पण तिच्यात जोर नसतो. ही चाकं वेग कमी करतात आणि तेवढाच जोर वाढवतात.

"म्हणजे तुझी आजी," आबा हळूच म्हणाले. "हळू बोलते, पण हलवून सोडते."

"ऐकू येतंय," स्वयंपाकघरातून आवाज आला.

समोरच्या बाजूला दोन गोल डोळे होते. पण ते डोळे नव्हते, असं नातीने सांगितलं. त्यातलं एक तोंड आणि एक कान. तोंड आपल्याला ऐकू न येणारा आवाज काढतं, तो समोरच्या वस्तूवर आपटून परत येतो, कान तो ऐकतो. परत यायला किती वेळ लागला त्यावरून वस्तू किती लांब आहे ते मेंदूला कळतं.

आणि मग तिने पोटाखाली लावायचे दोन बारीक काळे तुकडे तळहातावर ठेवले.

"हे संवेदक, आबा. हे सगळ्यांत महत्त्वाचे. यांच्यातून न दिसणारा उजेड कागदावर पडतो. पांढरा कागद असला की उजेड परत येतो. काळी रेष असली की येत नाही. एवढंच. डाव्याला काळं दिसलं की रोबो डावीकडे वळतो, उजव्याला दिसलं की उजवीकडे."

"आणि ते स्वतः काय करतात?"

"काहीच नाही. फक्त सांगतात."

आबा त्या तुकड्यांकडे बघत राहिले. पांढऱ्यावरचं काळं पाहायचं, ओळीवरून चालायचं, ओळ सुटली की सांगायचं. स्वतः काही दुरुस्त करायचं नाही, ते काम दुसऱ्यांचं. अडतीस वर्षं! आणि हा तुकडा त्यांच्या करंगळीच्या नखाएवढा होता.

"हा मी आहे," ते म्हणाले.

नातीने मान तिरकी करून आधी तुकड्याकडे आणि मग आबांकडे पाहिलं, आणि "हो की!" म्हणाली. त्या "हो की" वर आबा दोन दिवस जगले.

खरं तर त्या दोन दिवसांत आबांना इंजिनिअरची आठवणसुद्धा व्हायला नको होती. पण संध्याकाळी नात पाच मिनिटांसाठी वर गेली की छताला असलेल्या पंख्याच्या हुकातून दोघांच्या हसण्याचा आवाज यायचा. आबा खुर्ची पंख्याखाली ओढून वाचायला बसायचे. शब्द कळायचे नाहीत, नुसतं हसणं कळायचं. आबांशी बोलताना नात इतक्या मोठ्याने हसत नाही, हे त्यांनी मनाशी पक्कं केलं. ते खरं होतं का हे तपासायला आबांकडे स्वतःच्या घराचा आवाज वरून ऐकायची सोय नव्हती.

जोडणी सुरू झाली आणि बातमी जिन्यातून खाली-वर फिरली. समोरच्या दातांच्या डॉक्टरीण बाई आपला छोटा आरसा आणि चिमटा घेऊन आल्या. "काका, तोंड उघडं ठेवू नका, स्क्रू आत जाईल," असा सल्ला देऊन गेल्या, आणि लगेच स्क्रू खाली पडला. तळमजल्यावरचे शिंपीमामा तेलाची बाटली घेऊन आले. "आधी तेल. शिवणयंत्र असो नाहीतर माणूस, आधी तेल." आबांनी नको नको म्हणेपर्यंत त्यांनी दोन थेंब मेंदूवर सोडले. ते आबांनी रुमालाने टिपले. त्यानंतर आबांच्या बोटांना सगळंच निसटायला लागलं. बॅटऱ्या त्यांनी तीनदा उलट घातल्या. पुढच्या बाजूला जी फक्त टेकू देणारी, कुठेही फिरणारी गोळी होती, ती कोचाखाली गेली. आजींनी झाडू फिरवून ती काढली आणि "तुमच्या दोन महिन्यांपूर्वी हरवलेल्या चष्म्याची काडीही सापडली," असं वर ऐकवलं.

शेवटी मोटारींच्या तारा जोडायची वेळ आली. पुस्तिकेच्या एकोणतिसाव्या पानावर आकृती होती. डाव्या मोटारीला वर लाल तार, खाली काळी. उजव्या मोटारीला वर काळी तार, खाली लाल.

आबांनी चष्मा सारखा केला. मग मंद हसले. चौसष्टावी.

छापखान्यात कितीदा व्हायचं हे! एका ओळीत एक, दुसऱ्या ओळीत उलट. एकसारख्या दोन मोटारी, तर तारा एकसारख्याच हव्यात. त्यांनी उजव्या मोटारीशेजारी सुबक लाल खूण केली, आकृतीत "लाल" आणि "काळी" यांची अदलाबदल केली, आणि सुधारलेल्या आकृतीप्रमाणे तारा जोडल्या. नात तेव्हा शाळेत होती.

गुरुवारी तिची शाळा लवकर सुटली. बैठकीत पांढरा कागद अंथरून त्यावर जाड काळी रेष काढली होती. रोबो रेषेवर ठेवला. कळ दाबली.

रोबो जागच्या जागी गरगर फिरायला लागला.

शेपूट पकडायच्या नादाला लागलेल्या कुत्र्यासारखा तो फिरत होता. नातीने सूचना पुन्हा भरल्या. फिरला. बॅटऱ्या बदलल्या. आणखी जोरात फिरला. आबांनी पुस्तिका पहिल्यापासून शेवटपर्यंत वाचली. एकही चूक राहिली नव्हती.

"उद्या बाराला फॉर्म द्यायचाय," नात म्हणाली. तिचा खालचा ओठ थोडा पुढे आला होता. "तो चाललाच नाही तर फॉर्म भरून काय उपयोग?"

आजींनी आबांना विचारलंही नाही. त्या जिन्यात गेल्या आणि वर बघून म्हणाल्या, "भाऊ, जरा येता का?"

इंजिनिअर आले. हात मागे बांधून त्यांनी रोबोभोवती एक फेरी घातली. रोबोनेही स्वतःभोवती एक घातली.

"हं," इंजिनिअर म्हणाले.

आबा कोपऱ्यातल्या खुर्चीत बसून होते. त्यांना आधी वाटलं, झालं. आता हा माणूस एका बोटाने दुरुस्त करणार. पण पाच मिनिटं गेली. पंधरा गेली. अर्धा तास गेला. इंजिनिअरांनी चाकं काढली, घातली. संवेदक पुसले. "आकृती बघू," म्हणाले, एकोणतिसावं पान उघडून तारा ताडून पाहिल्या आणि "हे तर बरोबर आहे," म्हणून पान उलटलं. मग पडदे ओढले, उघडले. "उजेडाचा दोष असावा," म्हणाले. मग "फरशीचा उतार असावा." त्यांच्या कपाळावर घामाचे थेंब दिसले, आणि आबांच्या मनात, सांगायला लाज वाटते, पण गार वारा सुटला. आबांनी चहा मागवला. स्वतः उठून इंजिनिअरांना बिस्कीट दिलं.

"घ्या हो. सावकाश होऊ द्या. घाई कसली आहे?"

पाऊण तासाने इंजिनिअर "जरा मोकळी हवा" म्हणून गॅलरीत गेले. आबा, पाहुणचार म्हणून, मागोमाग गेले. इंजिनिअर कठड्याला धरून खाली रस्त्याकडे बघत होते.

"एक सांगू का?" ते आवाज खाली आणून म्हणाले. तो आवाज खालीसुद्धा येतो हे आबांना माहीत नव्हतं. "मी पाइपांचा इंजिनिअर हो. सांडपाण्याचे पाइप. सगळी नोकरी जमिनीखाली गेली. पाणी उताराकडे जातं, हे मला नक्की माहीत आहे. मोटारीतलं मला काही कळत नाही. पोरीने एकदा सायकलची साखळी आणली, ती बसली. मग ती एकेक आणायला लागली, आणि मला काही नाही म्हणवेना. माझ्याकडे दुसरं कोण येतं?"

ज्या वाक्याची आबा दोन वर्षं वाट पाहत होते ते वाक्य त्यांच्या हातात आयतं आलं होतं. आत जाऊन फक्त सांगायचं, "अगं, हे गटारांचे इंजिनिअर आहेत," की वरचे आजोबा एका दमात तळमजल्यावर.

आबा आत आले. दारात शिंपीमामा उभे होते, तेलाची बाटली परत न्यायला आलेले. फिरणाऱ्या रोबोकडे बघत ते हसत होते.

"आमच्या नव्या कारागिराने असंच केलं होतं, काका. दोन्ही बाह्या एकाच बाजूच्या कापल्या. म्हणाला, दोन हात सारखेच, मग बाह्याही सारख्याच. मी म्हटलं, अरे शहाण्या, हात सारखे असले तरी समोरासमोर लावलेले असतात. डावीच्या उलट उजवी कापावी लागते. आरशातल्यासारखी. नाहीतर शर्ट अंगात शिरतो, पण हात मागे जातो!"

ते गेले. आबा रोबोशेजारी खाली बसले आणि त्याची चाकं पाहू लागले.

आरशातल्यासारखी. दोन मोटारी समोरासमोर लावलेल्या. एकीला पुढे जायला जिकडे फिरावं लागतं, त्याच्या उलट दुसरीला. सारख्या तारा लावल्या की एक चाक पुढे, एक मागे, आणि गाडी जागच्या जागी गरगर. आकृतीत चूक नव्हती. बत्तीस पानांतली ती एक जागा बरोबर होती, आणि तीच आबांनी दुरुस्त केली होती.

नेमकं तेव्हाच नातीने एकोणतिसावं पान वर धरलं. "शब्दांवरची लाल शाई आबांची, पण इथे आकृतीतही लाल शाई आहे. हे कुणी केलं?"

गॅलरीतून आत आलेल्या इंजिनिअरांनी पाहिलं. "दुरुस्तीची खूण दिसते. इतकी नीटनेटकी आहे, कंपनीनेच केली असेल. म्हणून तर मी तिच्यावर भरवसा ठेवला."

आबांनी गप्प बसायचं ठरवलं असतं तर? तर रोबो फिरत राहिला असता, रकाना रिकामा राहिला असता, वरचे आजोबा हरले असते. खालचेही हरले असते, पण बरोबरीने हरले असते, आणि आबांना बरोबरीसुद्धा पुष्कळ होती. त्यांनी नातीकडे पाहिलं. तिचा ओठ आता चांगलाच पुढे आला होता. कंपनीला इतकी वळणदार खूण जमणार नाही हे तिला कळायला अर्धा मिनिट लागलं असतं. पण आबांनी तेवढं थांबूच दिलं नाही.

त्यांनी खिशातून पेन काढलं, पुस्तिका मांडीवर घेतली, आणि आपल्या दुरुस्तीखाली एकेक ठिपका देत गेले. समासात लिहिलं: "आहे तसे ठेवा."

"हे काय, आबा?"

"मुद्रितशोधकाची खूण आहे. आपण बरोबर शब्द चुकून खोडला, तर त्याखाली ठिपके द्यायचे. म्हणजे, माझं ऐकू नका, आधी होतं तसंच ठेवा." आबांनी पेनाला टोपण लावलं. "अडतीस वर्षांत मी ही खूण चारदाच केली होती. ही पाचवी."

नातीने उजव्या मोटारीच्या तारा उलट केल्या आणि कळ दाबली. रोबो क्षणभर घुटमळला, संवेदकांना काळं दिसलं, आणि एखादा जुना वाचक ओळीवर बोट ठेवून जावा तसा तो रेषेवरून सरळ चालत गेला. वळणावर वळला. कोचापाशी आला, ऐकू न येणारा आवाज देऊन पाहिला आणि चार बोटं अलीकडे थांबला.

"मला वाटलंच होतं," इंजिनिअर खणखणीत आवाजात म्हणाले. "तारांचाच घोळ असणार."

आबांनी दात ओठ खाल्ले. पण पाइपांचा विषय त्यांनी काढला नाही. त्या दिवशीही नाही आणि नंतरही नाही.

शुक्रवारी सकाळी टेबलावर भरलेला फॉर्म होता. नात आंघोळीला गेली होती. आबांनी वाचायचं नाही असं ठरवलं आणि वाचला. मार्गदर्शकाच्या रकान्यात वरच्या मजल्याचं नाव होतं.

रात्रभर त्यांना वाटत होतं की कबुली दिली, ठिपके दिले, ती "आबा!" म्हणून गळ्यात पडली, म्हणजे रकाना आपलाच. मग ते स्वतःशी म्हणाले, ठीक आहे. तो माणूस एकटा असतो. त्याच्याकडे दुसरं कोण येतं? आणि आपल्या मनात पुन्हा खोडाखोडीचा विचार येऊ नये म्हणून, एखादा करार पक्का करावा तसं, त्यांनी त्या नावाखाली सहा लाल ठिपके दिले आणि बाजूला लिहिलं: "आहे तसे ठेवा."

ते काय करून बसले हे त्यांना साडेअकराला, खिडकीपाशी कळलं.

"हे ठिपके कसले?" कारकून बाई म्हणाल्या.

"ती खूण आहे. तिचा अर्थ, आहे तसं ठेवा."

"मग ठेवायचं होतं ना आहे तसं! खाडाखोड चालत नाही. नवीन घ्या. अर्धा तास आहे."

आबांनी मान खाली घालून चौथा फॉर्म घेतला. नात कमरेएवढ्या कट्ट्यावर तो ठेवून भरभर लिहायला लागली. आबांनी घसा साफ केला.

"हे बघ. त्यांचंच नाव लिही. मला काही वाटत नाही. अगदी मनापासून सांगतोय."

नातीने मान वर केली. "पण त्यांचंच लिहावं लागणार ना, आबा. घरातलं माणूस चालतच नाही."

"कोण म्हणतं?"

तिने फॉर्मच्या तळाशी बोट ठेवलं. तिथे बारीक अक्षरांत होतं: "मार्गदर्षक हा विद्यार्थ्याच्या कुटूंबातील नसावा."

"पहिल्याच दिवशी मी तुम्हाला हेच सांगत होते. तुम्ही म्हणालात, फॉर्मचं मी बघतो. आणि या ओळीत तुम्हीच तर दोन चुका काढल्या होत्या. मला वाटलं, वाचली असेल."

आबांनी ओळ वाचली. या खेपेला अक्षरं न वाचता ओळ वाचली. "कुटूंबातील" मधला टू त्यांनी ऱ्हस्व केला होता, आणि कुटुंब काय म्हणतंय ते पाहिलंच नव्हतं.

"आत्ता लक्षात आलं होय?" बाई म्हणाल्या. त्यांनी पहिल्यांदाच "पुढचे" म्हटलं नाही.

नात पुन्हा लिहायला लागली. आबांनी सभ्यपणे तोंड फिरवलं. पण छापखान्यात उलटी अक्षरं वाचायची सवय झालेल्या माणसाला तोंड फिरवून फारसा उपयोग नसतो. खालच्या रकान्यात "रोबोचे प्रमुख घटक व त्यांचे कार्य" असं होतं. तिने लिहिलं होतं: नियंत्रक, हळू बोलणारा मालक. मोटार चालवणारी पाटी, ओरडणारा फोरमन. दातेरी चाकं, हळू फिरतात पण हलवून सोडतात. संवेदक, पांढऱ्यावरचं काळं ओळखून सांगतो. हा सगळ्यांत महत्त्वाचा. आणि त्यापुढे, कालच्या फॉर्मवर नसलेली एक ओळ तिने आत्ता घातली: "मूद्रितशोधक. चूक शोधतो. नसली तरी शोधतो. याच्याशिवाय आमचा रोबो जोडला गेला नसता."

आबांना दोनदा वाचावं लागलं, कारण दुसऱ्यांदा वाचताना अक्षरं हलायला लागली. घटकांमध्ये! मालक आणि फोरमनच्या रांगेत! वरच्या मजल्यावरच्या माणसाला नुसता रकाना मिळाला होता.

मग त्यांना दिसलं. "मुद्रित" मधला मु तिने दीर्घ काढला होता.

आबांचा हात खिशाकडे गेला. बोटांना पेनाचं टोपण लागलं. समोर बाई बघत होत्या, भिंतीवर बाराला दहा कमी होते, आणि ती चूक डोळ्यांत कुसळासारखी खुपत होती.

आबांनी हात खाली घेतला, आणि मू आहे तसा ठेवला.